धवल्यासाठी नवरा हवा

"सस्टेनेबल म्हणजे नक्की काय गं?" हा प्रश्न मी विचारला नसता, तर वयाच्या साठाव्या वर्षी अंगभर हळद माखून पंचतारांकित हॉटेलच्या लॉबीत उभं राहायची पाळी माझ्यावर आली नसती. पण मला चौकशीची खोड आहे. वागळे इस्टेटमधल्या एका औषध कंपनीच्या खरेदी खात्यात माझं आयुष्य गेलं आणि तिथे चौकशी करण्याचाच पगार मिळत असे. निवृत्तीनंतर पगार थांबला, चौकशी थांबली नाही. रस्ता खणलेला दिसला की मी वाकून खड्ड्यात बघतो. शेजारी नवा फ्रीज आला तर तो किती लिटरचा, हे कळल्याशिवाय मला जेवण जात नाही. माझी बायको कल्पिता याला भोचकपणा म्हणते. ती कॉलेजात जर्मन शिकवते, त्यामुळे शब्दांच्या बाबतीत मी तिच्याशी वाद घालत नाही.

ज्या मुलीला मी हा प्रश्न विचारला ती दर्शना, कल्पिताची जुनी विद्यार्थिनी. डोंबिवलीच्या मानपाड्यापलीकडच्या एका गावातली, आगरी घरातली. जर्मन शिकायला ती रोज ठाण्याला यायची, आणि शिकून झाल्यावर गावाला लागूनच उभ्या राहिलेल्या एका पंचतारांकित हॉटेलात पाहुण्यांची विचारपूस करायच्या खात्यात लागली. डोंबिवलीकडे पंचतारांकित हॉटेल म्हटल्यावर आमच्या ठाण्याच्या नौपाड्यात बऱ्याच भुवया वर गेल्या होत्या. तिथे राहायला जातं कोण, हा माझाही पहिला प्रश्न होता, पण कल्पिताचं माहेर डोंबिवलीचं असल्याने तो मी मनातच ठेवला. उत्तर दर्शनाने दिलं. तिकडच्या कारखान्यांत मशीन बसवायला जर्मन इंजिनियर येतात. ते आठवडाभर मशीन बसवतात आणि रविवारी खोलीच्या खिडकीतून मलंगगडाकडे बघत बसतात.

तिनेच एकदा सांगितलं होतं की हॉटेलच्या प्रत्येक खोलीत उशांचं मेनूकार्ड असतं. मऊ उशी, कडक उशी, मानेची उशी, गव्हाच्या कोंड्याची उशी. फोन करायचा आणि हवी ती मागवायची. हे ऐकल्यापासून माझ्या जिवाला चैन नव्हती. कोंड्याची उशी रात्री आवाज करते का? दोन मागवल्या तर देतात का? सकाळी परत करताना ती मोजून घेतात का? त्या हॉटेलवरून मी दोनदा रिक्षाने गेलो होतो, त्यातलं एकदा मुद्दाम. बाहेरून फक्त काचा दिसतात.

तर त्या दिवशी दर्शना आली ती चेहरा पाडून. कल्पिताने चहा ठेवला आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. हॉटेलच्या मुख्य कचेरीने हुकूम काढला होता की पर्यटन सस्टेनेबल पाहिजे. इथे मी तो प्रश्न विचारला. तिने समजावून सांगितलं की हॉटेल जिथे आहे तिथल्या माणसांचा त्यात फायदा हवा, तिथलं अन्न, तिथली कला, तिथल्या लोकांना काम. नुसतं येऊन वसूल करून जायचं नाही. कल्पना मला एकदम पटली. पण मॅनेजर अपूर्व हा इंदूरचा. त्याला इथलं काही ठाऊक नाही, आणि सबंध हॉटेलात पंचक्रोशीतली अशी दर्शना एकटीच. त्याने विचारलं की तुमच्याकडे काय असतं. हिने उत्साहात सांगून टाकलं की माझी आजी धवलारीण आहे, आमच्याकडच्या लग्नात धवले गाते. झालं. महिन्याच्या कार्यक्रमात छापलं गेलं, 'स्थानिक वारसा संध्याकाळ, पंधरा मिनिटं'. दर्शनाची नोकरी अजून कच्ची होती आणि ती पक्की करायची की नाही हे या कार्यक्रमावर ठरणार होतं.

"मग अडलं कुठे?" मी विचारलं.

"आजी गाणार नाही बोलते, काका. आणि बाबा तर वाटच बघतायत. पक्की नाय झालीस तर घरी बस, असं बोललेत."

तिचे बाबा म्हणजे धाकूशेठ. हॉटेल ज्या जमिनीवर उभं आहे तिथे त्यांची भातशेती होती. ती त्यांनी राजीखुशीने विकली होती, त्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं वेगळंच होतं. दर्शना नोकरीला लागली त्याच आठवड्यात ती डबा विसरली म्हणून ते स्वतः डबा घेऊन गेले, तर गेटवरच्या वॉचमनने त्यांना डिलिव्हरीवाला समजून मागच्या दाराने जायला सांगितलं. धाकूशेठनी डबा तिथेच ठेवला आणि आपण या गेटातून पुन्हा पाय टाकणार नाही असं जाहीर केलं. आपल्या शेतात आपली पोरगी परक्यांना चहा देते, हे त्यांना मुळात खपत नव्हतंच. दर्शनाला मात्र ही नोकरी हवी होती. घरात तीन गाड्या होत्या, पण जर्मन बोलून स्वतःच्या हिमतीवर मिळवलेली अशी तिची ही एकच गोष्ट होती. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले आणि कल्पिताने माझ्याकडे पाहिलं. खरेदी खात्यातला माणूस अशा वेळी जे बोलतो तेच मी बोललो. म्हटलं, मी बघतो.

रविवारी आम्ही दोघं दर्शनाबरोबर तिच्या गावी गेलो. अपूर्वने तिला विचारलं होतं म्हणे, की आजीला आणायला बैलगाडी मिळेल ना, पाहुण्यांना फोटोला बरी. प्रत्यक्षात घर म्हणजे तीन मजली बंगला होता, बाहेर संगमरवरी पायऱ्या आणि फाटकावर दोन सोनेरी सिंह. आमचा नौपाड्यातला अख्खा फ्लॅट त्यांच्या ओसरीत मावला असता. या लोकांना आधार द्यायचा हॉटेलचा विचार ऐकून मला जरा संकोच वाटला. ओसरीतल्या झोपाळ्यावर बायजाआजी बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, नऊवारी नेसलेल्या, कानात सोन्याची जड फुलं. मी नम्रपणे विषय काढला. जर्मनीहून माणसं आली आहेत, त्यांना फार उत्सुकता आहे, पंधराच मिनिटं.

आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "नवरा कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं कल्पिताला विचारतायत. मी हात वर केला.

"तुमी नाय. लगनातला नवरा. लगीन नाय, मांडव नाय, नवरी नाय, न मी धवला गाऊ? देवाला काय सांगू, कोनाचा लगीन हाय म्हनून?"

मग चौकशी करणं भागच होतं आणि मी ती मनसोक्त केली. धवला म्हणजे नुसतं गाणं नव्हे. मांडवाला उंबराची फांदी आणण्यापासून हळद कांडेपर्यंत आणि पुढे अक्षता पडेपर्यंत प्रत्येक कामाचा वेगळा धवला असतो, आणि धवलारीण गायली म्हणजे ते काम लागू झालं. पूर्वी भटजी नसले तरी चालायचं, धवलारीण लागायचीच. देवांना नावं घेऊन बोलवायचं, नवरानवरीचं नाव सांगायचं, आणि तिथे नवरानवरीच नसली तर बोलावलेल्या देवांनी करायचं काय, हा आजींचा मुद्दा होता. मला तो बिनतोड वाटला. अलीकडे गावात लग्नं रोज होतात, पण हळदीला डीजे लागतो आणि आजींचा एखादाच धवला उरकून घेतात. सगळे धवले सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायल्याला किती वर्षं झाली, हे त्यांना आठवत नव्हतं. हे सांगताना मात्र त्यांनी झोपाळा थांबवला.

म्हणजे प्रश्न आता नवरा मिळवण्याचा होता. घरी येऊन मी ही अडचण खालच्या अण्णांना सांगितली, ही माझी दुसरी चूक. अण्णा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. पाण्याच्या टाकीपासून परराष्ट्र धोरणापर्यंत त्यांना सल्ला देता येत नाही असा विषय नाही. त्यांनी आधी गावातल्याच कुणाचं लग्न हॉटेलात लावा असं सुचवलं. पण गावातली लग्नं मैदानात होतात आणि हजार पान उठतं. ते लॉबीत मावणार नव्हतं. मग त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"रिसबूड, तुमची साठी कधी?"

पुढच्याच महिन्यात होती.

"मग झालं की. बेळगावकडे आमच्या व्याह्यांनी साठीला पुन्हा लग्न लावून घेतलं, त्याच बायकोशी. शास्त्रात आहे."

अण्णांचं शास्त्र मी कधी तपासत नाही, कारण तपासायला गेलं की ते आणखी सांगतात. कल्पिता हसून उडवून लावेल अशी माझी खात्री होती. ती हसली, पण उडवून लावलं नाही. आजींना विचारून बघू, एवढंच म्हणाली.

आजींनी आमची उलटतपासणी घेतली. एकदा लागलेलं लग्न पुन्हा लावायचं तर आधीचं कसं लागलं हे कळायला हवं होतं. आता खरं असं की आमचं लग्न रजिस्टर झालेलं. माझे वडील सुधारक, त्यांना खर्च आणि कर्मकांड दोन्हींचा तिटकारा. ठाण्याच्या कचेरीत सह्या केल्या, पेढे वाटले, आणि वडील संध्याकाळी सभेला गेले. मी हे अभिमानाने सांगितलं.

"हलद?" आजींनी विचारलं.

नव्हती.

"मांडव?"

तोही नव्हता.

"हलद नाय लागली? मंग लगीन झालाच नाय तुमचा," आजी म्हणाल्या आणि फार समाधानाने झोपाळ्याला झोका दिला. त्यांची अडचण संपली होती. गेली बत्तीस वर्षं मी नौपाड्यात एका बाईबरोबर कसा राहत होतो, हा विषय त्यांनी सौजन्याने टाळला.

परतीच्या रिक्षात कल्पिताने आधी पदर सारखा केला. मग म्हणाली, "मला हळद हवी होती अहो तेव्हा. आईने साडीसुद्धा काढून ठेवली होती हळदीची. पिवळी." हे मला माहीत नव्हतं. मी एवढंच विचारलं की ती साडी आता कुठे आहे, आणि ती म्हणाली की कपाटात, वरच्या खणात. माझ्यापुरता प्रश्न तिथेच मिटला. आता आजींसाठी नाही, दर्शनासाठी नाही, अण्णांच्या शास्त्रासाठी तर नाहीच. पण हे लग्न आता व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही अपूर्वला भेटलो. तिशीतला गोरागोमटा मुलगा, गळ्यात टाय, इंदूरकडचं गोड मराठी बोलणारा. त्याला 'अस्सल विवाहसोहळा' ही कल्पना इतकी आवडली की नवरदेव किती वयाचा, हे विचारायचं तो विसरला. मीच नवरदेव हे कळल्यावर तो पाणी प्यायला. मग मी संधी साधून विचारलं की खोली बघायला मिळेल का, एखादी, रिकामी असेल ती. तो म्हणाला, "बघायला कशाला सर, सोहळा छान झाला तर रात्री वरवधूंना आमचा सुईट." उशांचं मेनूकार्ड असतं ना त्यात, हे मी खात्री करून घेतलं. असतं म्हणाला. तेव्हापासून मी त्या लग्नाच्या बाबतीत एखाद्या विशीतल्या मुलासारखा उतावीळ झालो होतो, हे कबूल केलं पाहिजे.

पहिली अडचण उंबराने आणली. मांडवाला उंबराची फांदी हवी, आणि उंबर धाकूशेठच्या परसातच होता. पण हॉटेल सस्टेनेबल. झाडाची फांदी तोडायची तर रीतसर परवानगी पाहिजे, नाहीतर मुख्य कचेरी जाब विचारते, असं अपूर्वने सांगितलं. म्हणून मी झाडांच्या परवानग्या देणाऱ्या एका कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी फांदी कशासाठी, असं विचारलं. लग्नासाठी. कोणाच्या? माझ्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मग म्हणाल्या की लग्न असेल तर सोबत पत्रिका जोडा. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. उद्या कोणीही उठून लग्न आहे म्हणेल आणि उंबर तोडत सुटेल.

म्हणून पत्रिका छापावी लागली. मजकूर आजींनी दर्शनाकरवी मंजूर केला आणि त्यांच्या आग्रहाने नवरीचं माहेरचं नाव घातलं, कारण लग्नाआधी मुलीला सासरचं नाव कुठून आलं. तेव्हा पत्रिकेवर माझ्याशेजारी 'कु. सुलक्षणा दांडेकर' असं झळकलं. कल्पिता हे नाव तिला मी लग्नानंतर दिलेलं, आणि माझ्या नात्यागोत्यात तिला सगळे त्याच नावाने ओळखतात. पत्रिकेचा फोटो फक्त अण्णांना पाठवला होता. अण्णांनी तो फक्त सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

संध्याकाळी रत्नागिरीहून माझ्या चुलतभावाचा फोन आला. मी दाढी करत होतो, म्हणून कल्पिताने उचलला. तो गहिवरल्या आवाजात म्हणाला की वहिनी गेल्याचं आम्हाला कळवलंसुद्धा नाही, आणि आता हे दुसरं लग्न, एवढी घाई कशाची, पण असो, आपण कोण? कल्पिता म्हणाली, "मी सुलक्षणा."  मग त्याने तिला माझ्या स्वभावाबद्दल काही सूचना दिल्या, ज्या कल्पिताने मन लावून ऐकल्या आणि आजतागायत मला पूर्ण सांगितलेल्या नाहीत. खुलासा व्हायला दोन दिवस गेले आणि तोवर माझ्याविषयी आदर असलेली माणसं फार थोडी उरली. माझ्या मावसबहिणीने तर सुलक्षणाच्या मानाने कल्पिता कशी गुणी होती, हे मला तासभर ऐकवलं.

त्यात आजींनी नवा मुद्दा काढला. मांडव हॉटेलात, नवरी डोंबिवलीची, म्हणजे हॉटेल हे मुलीकडचं घर झालं. अपूर्व हा घरमालक, सबब नवरीचा बाप. अपूर्व अविवाहित होता, आणि एकदम सत्तावन्न वर्षांची मुलगी अंगावर आल्यावर कोणीही गांगरेल तसा तो गांगरला. इकडे नवरा ठाण्याहून येणार, तर त्याच्या बाजूला घरचा एक थोर माणूस हवा. माझे आईवडील नाहीत, भाऊ परदेशात. अण्णा तयार होते, पण आजींनी त्यांना एकदा बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. त्यांनी स्वतःच्या मुलाचं नाव घेतलं. धाकूशेठ वराचे मोठे.

धाकूशेठनी साफ नकार दिला. मी समजूत घालायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्यासमोर मिठाई ठेवली, गाडीने घरी सोडतो म्हणाले, पण त्या एका गोष्टीवर हलेनात.

"साहेब, माझ्याच शेतान माना इचारतान, डिलिवरी हाय का. मी त्या गेटान पाय नाय टाकनार. तुमचा काम आसंल त दुसरा कायपन सांगा."

"तुना जायाला कोन सांगतो?" झोपाळ्यावरून आजी म्हणाल्या. "वरात येशीवं थांबंल. मुलीकडचं लोक येतील सामोरं. त्यांची रीत हाय ती."

मी धाकूशेठकडे बघितलं. मिठाईचा दुसरा तुकडा त्यांनी स्वतः घेतला.

लग्नाच्या दिवशी संध्याकाळी आमची वरात हॉटेलच्या गेटासमोर थांबली. अपूर्वने अखेरपर्यंत बैलगाडीची आशा सोडली नव्हती. आल्या त्या अकरा पांढऱ्या गाड्या, आणि त्यातून शंभरेक बायका, हिरव्या काठाच्या साड्यांत, डोक्यात गजरे, अंगावर सोनं. हॉटेलातल्या पाहुण्यांकडे तेवढं सोनं आयुष्यात झालं नसेल. मी फेटा बांधून धाकूशेठच्या शेजारी उभा होतो. ते इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, हाताची घडी घालून, समोरच्या गेटाकडे बघत होते. वॉचमन तोच होता. त्याने त्यांना ओळखलं असावं, कारण तो सारखा टोपी सारखी करत होता.

आतून अपूर्व आला. दर्शनाने त्याला नीट पढवलं होतं. एका हातात नारळ, एका हातात उपरणं, मागे कुंकवाचं ताट घेतलेली दर्शना हॉटेलच्या गणवेशात. रीतीप्रमाणे त्याने आधी माझ्या पायांवर पाणी घातलं, जरा जास्तच घातलं, माझे मोजे चिंब झाले. मग तो धाकूशेठपुढे उभा राहिला. पाठ केलेलं वाक्य तो विसरला होता. मग तो आपल्या इंदुरी मराठीत म्हणाला, "काका, आत चला. घर तुमचंच आहे." त्याने उपरणं खांद्यावर घातलं आणि व्याहीभेटीला मिठी मारायला हात पसरले. धाकूशेठनी हाताची घडी सोडायला वेळ घेतला. मग त्यांनी त्या पोराला असं आवळलं की त्याचा टाय मागे गेला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. दर्शनाने ताटातलं कुंकू आधी बाबांना लावलं, मग मला. 

पंधरा मिनिटांचा कार्यक्रम तीन तास चालला, तो असा. लॉबीत रीतसर परवानगी मिळालेल्या उंबराच्या फांदीखाली आजी बसल्या आणि त्यांनी पहिला धवला सुरू केला. आवाज थकलेला होता, पण एकदा धरलेला सूर सोडत नव्हता, आणि मागून शंभर बायकांनी तो उचलला तेव्हा वरचं काचेचं झुंबर किणकिणलं. देवांना एकेकाला नाव घेऊन बोलावलं गेलं. नावं इतकी होती की अपूर्वने दोनदा घड्याळ बघितलं. मग हळद कांडायला उखळ आलं. त्याच्या ठोक्यांनी खालच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात भांडी पडली आणि मुख्य आचारी भूकंप समजून पांढरी टोपी धरून वर आला. त्याला आजींनी एका मुसळापाशी उभं केलं. जर्मन इंजिनियरांनी आधी लांबून फोटो काढले, मग कल्पिताने जर्मनमध्ये काय चाललंय ते सांगितल्यावर ते जवळ आले, आणि त्यांतल्या एका उंच गृहस्थांनी मुसळाची लय कशी ठरते हे मला विचारलं. माझ्याहून चौकस माणूस मी प्रथमच पाहत होतो. आम्हा दोघांना उत्तर ठाऊक नव्हतं, तेव्हा आम्ही दोघांनी मुसळ धरलं.

हळद लागली तेव्हा ती फक्त मला लागली नाही. लॉबीतले सोफे बिनरंगाच्या, पर्यावरणपूरक, पांढऱ्या सुती कापडाचे होते. ते आता पांढरे नव्हते. संगमरवर पिवळा झाला, जर्मन पिवळे झाले, अण्णा तर आमंत्रण नसताना पिवळे झाले. अपूर्वने सोफ्यांकडे बघून डोक्याला हात लावला आणि हात पिवळा असल्याने त्याचं कपाळही तसंच झालं. मी कल्पिताकडे पाहिलं. ती त्या वरच्या खणातल्या साडीत बसली होती, गालांना हळद, आणि आजी तिचं नाव धवल्यात घेत होत्या, सुलक्षणा, पुन्हा पुन्हा. ती रडत होती आणि हसत होती, आणि मला तिच्याकडे बघत राहावंसं वाटलं. झुंबर किती किलोचं, हे विचारायचं त्या दिवशी राहून गेलं.

अक्षता पडल्या. अपूर्वने दर्शनाला बाजूला नेलं. मी अर्थातच मागोमाग गेलो. तो म्हणाला की सोफ्यांचं मुख्य कचेरीला काय सांगायचं हे तिनेच ठरवावं, कारण उद्यापासून ती इथे पक्की आहे आणि असले प्रश्न आता तिचेच. बातमी धाकूशेठपर्यंत पोचली. त्यांनी फक्त उपरण्याने चेहरा पुसला.

आणि मी अपूर्वकडे सुईटची किल्ली मागितली. त्याने आनंदाने ते प्लास्टिकचं कार्ड माझ्या हातावर ठेवलं. तेवढ्यात आजी उभ्या राहिल्या.

"नवरी मांडवान नाय र्‍हात. नवऱ्याचे घरा जाते," त्या म्हणाल्या. "नायतर लगीन परत आधुरा."

मी युक्तिवाद करून पाहिला. ठाणं लांब आहे, उशीर झाला आहे, नवरा साठ वर्षांचा आहे. आजी म्हणाल्या की नवरी आहे ना बरोबर. कल्पिताने गालाची हळद न पुसता माझा हात धरला आणि म्हणाली, "चला अहो, घरी." बत्तीस वर्षांत तिने नौपाड्यातल्या त्या फ्लॅटला इतक्या प्रेमाने घर म्हटल्याचं मला आठवत नाही. मी कार्ड धाकूशेठच्या हातात दिलं. खोली फुकट जाण्यापेक्षा तुम्ही आणि आजी राहा, असं म्हणालो, आणि उशांचं मेनूकार्ड बघून ठेवा, एवढी विनंती केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्यांना फोन केला. खोली कशी होती, पडदे कशाचे, न्हाणीघरात काय काय होतं, हे विचारत मी शेवटी उशीवर आलो.

"उशी?" धाकूशेठ म्हणाले. "उशी बाजूला ठेवली, साहेब. शेतान कोन उशी घेतो? भात राखायला मी हितंच झोपायचू. पन झोप लागली बघा. जागा तीच ना."

कोंड्याच्या उशीच्या आवाजाचा प्रश्न मी गिळला. मग राहवलं नाही, म्हणून विचारलं की सकाळी चहाबिहा मिळाला का.

"पोरीनंच आनला. मी बोललो, साखर कमी हाय. ती बोलली, बाबा, साखर बाजूला ठेवलीय, हातानं घालायची, हितली रीत हाय."

"मग?"

"मंग काय," धाकूशेठ म्हणाले, "घातली हातानं."